सोपानरावांचा फिल्टर

सोपानराव आमच्या घरी एस.टी.नं आले, आणि मोहोळपासून सोलापूरपर्यंत बसून आले. आत्या उभी होती. गाडीत एकच जागा मिळाली, तिथं तिनं बादली ठेवली, कारण खाली ठेवली तर लोकांचे पाय लागतील आणि याला पाय लागलेला खपत नाही, असं तिनं शेजारच्या प्रवाशांना बजावलं. कंडक्टरनं बादलीवरचं ओलं गोणपाट उचलून पाहिलं, आतून एक बारकं डोकं त्याच्याकडे बघत होतं ते पाहिलं, आणि गोणपाट परत होतं तसं ठेवून म्हणाला, मावशी, कासवाला तिकीट नाही, पण सीटला आहे. त्यावर आत्या म्हणाली, "सीटचं माज्याकडनं घेतलंस की. त्यो बसलाय, मी हुबी हाय. तुजं काय ग्येलं?" कंडक्टर पुढं गेला. माझ्या आत्याशी बोलून झाल्यावर लोक सहसा पुढंच जात.

हे सगळं तिनं आल्या आल्या, पायावर पाणीही न घेता, आमच्या अंगणात उभं राहून हातवारे करून सांगितलं. पाणी घेतलं नाही कारण आई कळशी घेऊन पुढं आली तेव्हा आत्यानं कळशीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, एवढंच हाय व्हय? ऱ्हाऊ दे. ते दुष्काळाचं साल होतं. नळाला एक दिवसाआड तासभर पाणी येई, तेही येताना आधी अर्धं मिनिट नुसती शिटी वाजवी. माणसं त्या शिटीनं झोपेतून उठत.

आत्याचं सासर मोहोळजवळच्या एका वस्तीवर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, घर थोरल्या दिरांच्या हाती. तिकडं जुनी रीत अशी की नव्या विहिरीत एक कासव सोडायचं. कासव शेवाळ खातं, किडे खातं, पाणी निवळ राहतं. आत्या लग्न होऊन त्या घरात गेली त्याच वर्षी विहीर फोडली होती आणि त्याच वर्षी हे कासव तिच्यात सोडलं होतं. म्हणजे दोघं एकाच साली त्या घरात आलेले. विहिरीनं तळ दाखवला तेव्हा ते चिखलात बसून वर बघत होतं. आत्यानं गडी दोराला बांधून खाली सोडायला लावला आणि त्याला वर काढलं. दिरांनी तिला सांगितलं की पाऊस होईतो भावाकडं जा. ती निघाली, आणि जाताना बादली घेऊन निघाली.

नावाची हकिगत मला मोठेपणी कळली. तिच्या त्या थोरल्या दिरांचं नाव सोपानराव. त्यांच्यासमोर तिनं तीस वर्षं मान वर केली नव्हती, नाव तोंडून काढायची तर बातच नको. सोपानरावांची एक सवय होती, काहीही विचारलं की मान खांद्यात ओढून घ्यायची. विहीर खोल घ्यायची का? मान आत. बैल छावणीला धाडायचे का? मान आत. तर आमच्या घरी पोचल्यावर, म्हणजे दिरांपासून वीसेक मैलांवर आल्यावर, आत्यानं बादली ओणवी केली, कासव फरशीवर उतरलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं ते नाव खणखणीत आवाजात घेतलं. "ए सोपान्या, हिकडं बघ. खाणार हाईस का न्हाईस?" त्यानं मान आत ओढली. आत्या इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. नंतर दिवसातून पंधरा-वीसदा ती त्याला काही ना काही बोले, आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा देवदर्शन करून आल्यासारखा होई. आम्ही मात्र त्याला सोपानराव म्हणायचो, वयाचा मान म्हणून.

आमचं घर साखर पेठेत. दोन खोल्या, पुढं अंगण, आणि दोन्ही बाजूंना मागांची खटखट. ती थांबली की कान दुखायचे. अप्पा चादरीच्या एका कारखान्यात रंगखात्याचे मास्तर होते. सगळी पेठ त्यांना मास्तर म्हणे, आणि नवा माणूस हमखास विचारी, कोणत्या शाळेत? अप्पा उत्तर न देता बाह्या सरकवून हात पुढं करत. कोपरापर्यंत रंग. हिरव्या चादरींचा हप्ता असला की हात हिरवे, तपकिरींचा असला की तपकिरी. भाकरी मोडताना त्यांच्या हाताकडं बघून आम्हांला कारखान्यात काय चाललंय ते कळे. त्यांचा एकच अभिमान होता, पक्का रंग. खिशात एक पांढरा रुमाल असे. लग्नाच्या मांडवात, नातेवाइकांच्या बाजेवर, कुठंही चादर दिसली की रुमालाचा कोपरा जिभेला लावून ओला करायचा, चादरीवर करकरून घासायचा आणि उजेडाला धरून बघायचा. रुमाल पांढरा राहिला तर चादर त्यांची. रंगला तर दुसऱ्या कुणाची. एकदा माझ्या मावशीच्या बाळंतपणात तिच्या अंगावरच्या चादरीवर त्यांनी हा प्रयोग केला, तेव्हापासून मावशी त्यांच्याशी जरा तुटक बोले.

त्या वर्षी तो रुमाल ट्रंकेत घडी घालून पडलेला होता. माझ्या लक्षात आलं नव्हतं. आईच्या आलं होतं, पण आई फार बोलत नसे.

सोपानरावांची सोय अंगणातल्या हौदात झाली. शहाबादी फरशीचा, गुडघाभर उंच, धुणं खळबळायला बांधलेला हौद. आठ घागरींत भरायचा. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी पाणी हिरवट झालं. तिसऱ्या दिवशी जो वास सुटला त्याचं वर्णन मी जेवणानंतर कधी केलेलं नाही. विहिरीत बिचारे पन्नास फूट पाण्याचे धनी होते, त्यांचं खाल्लेलं आणि टाकलेलं कुठल्या कुठं जिरून जाई. इथं आठ घागरींत सगळा संसार. त्यात खाण्याचे नखरे. रेशनवर तेव्हा लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, मिळायची, तिची भाकरी आम्ही सगळे मान खाली घालून खात होतो. सोपानरावांपुढं तुकडा टाकला, त्यांनी वास घेतला आणि पाठ फिरवली. आई म्हणाली, घरात खरं बोलणारा एकच आहे.

घरात आणखी एक गोष्ट चालली होती, ती मला तेव्हा अर्धीच दिसत होती. आत्या अर्धी भाकरी खाऊन उठायची. पोट भरलं म्हणायची. आई दुसरी अर्धी तिच्या ताटात टाकायची, आत्या ती हळूच माझ्या ताटात सरकवायची, आई ते बघायची, आणि मग भांडी जरा जोरात वाजायची. आत्या आंघोळ एका तांब्यात करायची. नळाची शिटी वाजली की आमच्या आधी उठून रांगेत घागर लावायची. पाहुणी म्हणून आलेल्या बाईनं एवढं काम केलं की घरच्या बाईला ते लागतं, हे दोघींनाही कळत होतं आणि दोघींपैकी एकीलाही थांबता येत नव्हतं. वास सुटला तेव्हा आईला बोलायला एकदाची जागा मिळाली.

"वन्सं," ताटं वाढता वाढता आई म्हणाली, "आठ दिवसांतून एकदा मी हौद भरून देईन. आठव्या दिवशी पाण्याला वास नको, पाणी गढूळ नको. तसं जमलं तर राहू दे त्याला. नाही जमलं तर सिद्धेश्वराच्या तळ्यात सोडून यायचं. तिथं पाणी आहे अजून."

आत्यानं हातातला घास ताटात ठेवला. वासाचं तिला काही वाटलं नाही. तिला लागलं ते भलतंच. "त्येच्यानं पानी घाण हुतं म्हंतीस व्हय कमळे? अगं, पानी निवळायलाच त्येला ठेवत्यात. त्यो हाय म्हणून इहिरीचं पानी गावानं प्यालं." मग अगदी हळू म्हणाली, "त्येला सोडायचा दिस ठरला की मला बी मोहोळची गाडी बघा. आलो दोघं, जाऊ दोघं."

अप्पांनी आईकडं बघितलं, आईनं भाकरीकडं. मोहोळच्या त्या घरात आत्याला कोण पाणी देणार होतं हे तिघांनाही ठाऊक होतं. मला एवढंच कळलं की आठ दिवसांत हौदाचं पाणी साफ ठेवता आलं नाही तर कासवही जाणार आणि आत्याही. मी दहा वर्षांची होते. दोन्ही मला सारखेच आवडत होते.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी मला सायकलवर पुढं बसवून नव्या पेठेत भांड्यांच्या दुकानात नेलं. फिल्टर ही वस्तू तेव्हा डॉक्टर आणि वकिलांच्या घरी असायची. स्टीलचा उंच डबा, आत पाणी गाळणाऱ्या चिनीमातीच्या दोन पांढऱ्या मेणबत्त्या, खाली तोटी. दुकानदारानं झाकण काढून मेणबत्त्या दाखवल्या, पाणी कसं थेंब थेंब झिरपतं ते सांगितलं, आणि विचारलं, "घरात पिणारी माणसं किती?"

"पिणारा एकच आहे," अप्पा म्हणाले. "पण तो राहतोही त्यातच."

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी खुलासा केला की कासव आहे आणि आठ घागरी पाणी आहे. त्यानं मनातल्या मनात हिशेब केला आणि शांतपणे झाकण परत बसवलं. म्हणाला, मास्तर, या मेणबत्तीतून आठ घागरी झिरपायला पाच दिवस लागतील, आणि शेवाळ बसलं की सहाव्या दिवसापासून थेंबही झिरपणार नाही. मग जरा ओशाळून, गिऱ्हाईक मोकळ्या हातानं जाऊ नये म्हणून, त्यानं मला एक स्टीलचं चाळणीसारखं चहाचं गाळणं दाखवलं. अप्पांनी ते खरोखर उजेडाला धरून भोकं तपासली. आम्ही काही न घेता परत आलो.

आता सांगायला हरकत नाही. परवाच आमच्या इमारतीतल्या एका मुलीबरोबर मी कासवाचा फिल्टर आणायला गेले होते. दुकानात भिंतभर फिल्टर. बाहेर लटकणारा, आत बुडणारा, डब्याचा, स्पंजाचा. दुकानातला पोरगा विचारतो, मॅडम, टँक किती लिटरचा, तासाला किती वेळा पाणी फिरायला पाहिजे? मी म्हटलं, आमच्यावेळी शाळेत जायच्या आधी एकदा फिरायचं. त्याला वाटलं मी चेष्टा करते.

घरी आल्यावर आत्यानं तिचा उपाय काढला. कनवटीला निवळीच्या बिया होत्या. त्या सहाणेवर उगाळून तिनं हौदात कालवल्या आणि काठावर बसून राहिली. खरं सांगते, जादू झाली. दोन तासांत सगळा गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी काचेसारखं झालं. आत्यानं आईला हाक मारली. आई हात पुसत आली, वाकली, आणि नेमक्या त्या क्षणी सोपानराव तळावरून उठून आपल्या संथ चालीनं हौदाची एक प्रदक्षिणा घालून आले. तळ वर आला. आई परत आत गेली. "मुडद्या," आत्या त्याला म्हणाली, "जरा दम धरवत न्हवता व्हय?" त्यानं मान आत घेतली.

मग आले मल्लेशम मामा. आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे, अप्पांच्याच कारखान्यात मागावर होते. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हींत सारखेच खवचट. त्यांनी हौदाभोवती एक फेरी मारली, नाकाला पंचा लावला आणि सांगितलं, तीन माठांची उतरंड करा. वरच्या माठात खडी आणि वाळू, मधल्यात कोळसा, तिसऱ्यात कापड. प्रत्येकाच्या बुडाला भोक. हौदावर तिवई ठेवायची, हौदातलं पाणी तांब्यानं वरच्या माठात ओतायचं, ते गाळत गाळत परत हौदात पडेल. पाणी तेच, फक्त चालू राहील. "वाहतं पाणी नासत नाही ओ मास्तर," ते माझ्याकडं बोट करून म्हणाले. "नदी काय करते? आपली मंदा करेल."

सगळं पसंत पडलं. वाळू आत्यानं चाळली, खडी मी धुतली, कोळसा इस्त्रीवाल्याकडनं आला. राहिलं कापड. आईनं ट्रंकेतून अप्पांचं एक जुनं पांढरं धोतर काढलं, चार पदरी घडी केली आणि पुढं ठेवली. अप्पा म्हणाले, हे नको. हे विरलंय. आई म्हणाली, चार पदर केलेत. अप्पा उठले, आत गेले आणि आपल्या सायकलच्या पिशवीतून एक गुंडाळी घेऊन आले. कारखान्यातला चादरीचा तुकडा, लालभडक, काठाला काळी वेल, हप्त्याभरापूर्वीच रंगवलेला. सूत मल्लेशम मामांच्या मागावरचं, रंग अप्पांचा.

"पांढरंच बरं," आई म्हणाली. एवढंच. पण तिचा आवाज असा होता की मी वर बघितलं.

अप्पांचा चेहरा ताठ झाला. "रंगमास्तराच्या घरात गाळायला पांढरं कापड? लोक काय म्हणतील? माझा रंग हलला तर मिशी काढीन."  मल्लेशम मामांनी तो तुकडा दोन बोटांत धरून चोळला, बोटांकडं बघितलं आणि हात पंचाला पुसला. मी ते पाहिलं, पण त्या वयात माणूस बघतं पुष्कळ आणि जोडतं थोडं.

फिल्टर सुरू झाला. रोज सकाळी शाळेआधी चाळीस तांबे. अंगणात बारीक टप टप टप, दोन्ही बाजूंना मागांची खटखट, आणि मध्ये आत्या तांबे मोजणार. पंचविसाच्या पुढं तिची मोजणी नेहमी परत विसावर यायची. पहिल्या दिवशी पाणी जरा तांबूस वाटलं. मी अप्पांना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, नव्या माठाचा अंश आहे, विटकरी माती असते. मला पटलं. दुसऱ्या दिवशी वास निम्मा झाला. तिसऱ्या दिवशी वास गेला. आईनं सकाळी अंगणात येऊन मोठा श्वास घेतला आणि काहीच न बोलता गेली, म्हणजे बातमी चांगली होती.

चौथ्या दिवशी सोपानराव काठावर चढायच्या प्रयत्नात उलटे पडले आणि आत्या किंचाळायची तेवढी राहिली. पोट, एरवी पिवळसर पांढरं असणारं पोट, गुलाबी झालं होतं. चांगलं लग्नातल्या पत्रावळीवरच्या रंगीत खोबऱ्याच्या वडीसारखं. नखंसुद्धा. आत्यानं त्याला चटकन सुलटं केलं, इकडं तिकडं बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ह्ये माठाचं हाय व्हय गं मंदे?"

मी तिचे तळवे बघितले. तेही गुलाबी होते. माझे तर कधीपासूनच होते, पण मला वाटलं होतं खडूचे असतील.

आम्ही दोघी तिथं काठावर बसलो आणि एक कट केला. आईला कळलं तर सोपानराव जातील. अप्पांना कळलं तर अप्पांचं काय होईल याचा विचार करवत नव्हता. मिशी तर जाईलच. म्हणून कुणालाच कळू द्यायचं नाही. शहाबादी फरशीच्या काळ्या हौदात रंग तसाही कळत नव्हता. आत्या आईला हौदाजवळ फिरकू देईना, तुजं गुडघं दुखत्यात, तू बस म्हणायची. आईचे गुडघे कधीच दुखत नव्हते. मी वर्गात हात मुठीत ठेवायचे. बाईंनी विचारलं तेव्हा मेंदी म्हटलं. आणि सोपानराव उलटे पडू नयेत म्हणून आत्यानं दिवसभर त्यांच्यावर असा पहारा ठेवला की खरे सोपानराव कधी स्वप्नातही एवढे सांभाळले गेले नसतील.

आठवा दिवस रविवार होता. आईनं पदर खोचला. मल्लेशम मामा भिंतीवरून डोकं काढून उभे राहिले, म्हणाले, निकाल ऐकायला आलोय. अप्पा दाढी करून नवा सदरा घालून बसले होते. आईनं आधी वाकून वास घेतला. काही नाही. मग हात घालून तळ ढवळला. काही वर आलं नाही. आत्यानं माझा हात घट्ट धरला. मला वाटलं जिंकलो. तेवढ्यात आई आत गेली आणि काचेचा पेला घेऊन आली.

काचेचा पेला आमच्या घरात एकच होता, पाहुण्यांसाठी. तो तिनं हौदात बुडवला आणि उन्हात वर धरला. लग्नात वाटतात तसलं गुलाबी सरबत. निवळ, स्वच्छ, वास नसलेलं, सुंदर गुलाबी सरबत.

 माग बंद होते, रविवार. मग भिंतीवरून मल्लेशम मामांचा आवाज आला, त्यांच्या मानानं फार मऊ. "मास्तर, सूत माझं हललं नाही ओ."

अप्पा उठले. मला वाटलं ते माठाचं नाव घेतील. त्यांनी आईच्या हातातून पेला घेतला, उजेडाला धरला, जसा रुमाल धरायचे तसा. मग पायरीवर बसले आणि पेल्याकडं बघत बोलायला लागले. रंगवलेलं सूत सात पाण्यांतून काढावं लागतं, तेव्हा जादाचा रंग निघून जातो आणि जो राहतो तो पक्का. कारखान्याला पाणी नव्हतं. टँकर यायचा तो भट्टीलाच पुरायचा. सातांची पाच पाणी झाली, पाचांची तीन, आणि गेले दोन महिने दोन. शेट म्हणाले होते, चालू द्या. अप्पांनी चालू दिलं होतं. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "फक्त बघायचं नव्हतं."

आत्या पुढं झाली. एवढ्या मोठ्या भावाला तिनं माझ्यासमोर लहानपणीच्या नावानं हाक मारली. "शंकऱ्या, रडाय काय झालं? तुजा रंग ग्येला न्हाय. धुणं ऱ्हायलंय." मग आईकडं वळून, डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "कमळे, झालं ते झालं. सकाळची गाडी सांगा मला. ह्येला बादलीत घेते."

आईनं पेला फरशीवर ठेवला. "कशाला?"

"पानी रंगलं की गं."

"मी वास नको म्हणाले होते, वास नाही. गढूळ नको म्हणाले होते, गढूळ नाही," आई म्हणाली. "रंगाचं मी काहीच बोलले नव्हते. उगाच माझ्या तोंडी घालू नका." आणि पदर सोडून, आत जाता जाता, मागं न बघता म्हणाली, "आणि आज भाकरी पुरी खायची. अर्ध्या भाकरीचं कुणी घरात दिसलं तर मात्र मी गाडी बघीन."

मी आजवर अनेक वकील पाहिले आहेत, त्यांतल्या काहींनी नाव कमावलं आहे. इतका नेमका निकाल मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही.

सोमवारी अप्पा ते गुलाबी पाणी बाटलीत भरून शेटांकडं घेऊन गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी पूर्ण कधी सांगितलं नाही, पण मल्लेशम मामांनी सांगितलं की शेटांनी आधी विचारलं, हे कुठल्या दुकानाचं सरबत, आणि मास्तरांनी उत्तर दिलं, आपल्याच. जादा पाणी तर कुठून येणार? शेवटी तोडगा निघाला की प्रत्येक गठ्ठ्यात एक चिठ्ठी घालायची: पहिली तीन धुणी वेगळी करावीत. मजकूर अप्पांचा, अक्षर माझं. पहिल्या शंभर चिठ्ठ्या मी लिहिल्या. आता बाजारातल्या कुठल्याही कपड्याला तसली सूचना शिवलेली असते. लोक म्हणतात ती परदेशातून आली. म्हणू देत. मला माहीत आहे ती कुणाच्या पोटावर पहिल्यांदा उमटली.

मिशीचं म्हणाल तर अप्पांनी ती खरोखर काढली. महिनाभर ते ओठावर हात ठेवून हिंडत होते, आणि तेवढा महिना लोक त्यांना कोणत्या शाळेत, हेही विचारत नव्हते, ओळखतच नव्हते.

फिल्टर मात्र चालूच राहिला, त्याच लाल तुकड्यासकट. आई पांढरं धोतर परत घेऊन आली होती, पण अप्पा म्हणाले, असू दे, त्याचं धुणं पूर्ण होऊ दे. दुसऱ्यांदा भरलेल्या हौदाचं पाणी फिकं गुलाबी झालं, तिसऱ्याचं नुसतं कल्पनेनं गुलाबी, चौथ्याचं पाण्यासारखं. सोपानरावांचं पोट परत पिवळं झालं. तेव्हा एका सकाळी अप्पांनी माझे चाळीस तांबे होईपर्यंत वाट पाहिली, खालच्या माठातून तो तुकडा काढला, ट्रंकेतला रुमाल आणला, कोपरा जिभेला लावला आणि करकरून घासला. उजेडाला धरला. मग रुमाल आईच्या हातात दिला. तो कोरा होता.

"बघ," आत्या हौदाकडं बोट करून आईला म्हणाली, "मी म्हनलं न्हवतं? त्यो हाय म्हणून."

दुसऱ्या साली विहिरीला पाणी आलं आणि दिरांचा निरोप आला, कासव धाडून द्या, पाण्याला शेवाळ धरलंय. आत्यानं बादली घासली, गोणपाट भिजवलं, सोपानरावांना आत बसवलं आणि आपलं गाठोडं बांधून शेजारी ठेवलं. आई बाहेर आली. तिनं बादली उचलून अप्पांच्या हातात दिली, त्यांना गाडीची वेळ सांगितली आणि गाठोडं उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवलं.

"निरोप नीट ऐका वन्सं," ती म्हणाली. "त्यांनी एकट्यालाच बोलावलंय."

अप्पा सांगतात की मोहोळच्या गाडीत त्या दिवशी बसायला एकच जागा मिळाली. ते उभे राहिले.